जुन्या आलिशान गाडीचा घसारा खरेदीनंतरही थांबत नाही

संपादक महोदय,

नोकरी-व्यवसायात नुकतीच स्थिरावलेली अनेक तरुण मंडळी मला हल्ली एकच प्रश्न विचारतात. साठ लाखांची जर्मन सेदान सात वर्षांनी पंधरा लाखांत मिळत असेल, तर ती घ्यावी की त्याच पैशांत साधी नवी गाडी घ्यावी? मोटार विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण करण्यात माझी कारकीर्द गेली असल्यामुळे या प्रश्नाची सहसा न दिसणारी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

किंमत इतकी का उतरते, हे समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील वीस लाखांहून महाग पेट्रोल गाडीवर 13 टक्के मार्गकर बसतो. साठ लाखांच्या गाडीवर तो जवळजवळ आठ लाख होतो आणि विकताना त्यातले फारसे काही परत मिळत नाही. कंपनीच्या नावावरील गाडीवर आयकरात दरवर्षी 15 टक्के घसारा (वापराने कमी होणारे मूल्य) खर्च म्हणून दाखवलेला असतो, म्हणून तिचा मालक कमी भावातही गाडी सोडायला तयार असतो. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरील जीएसटी आणि उपकर मिळून होणारा 48 टक्क्यांचा बोजा 40 टक्क्यांवर आला. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरते.

मात्र आपल्याला गाडी स्वस्तात मिळवून देणारा हाच घसारा पुढे अपघातानंतर दाव्यात आपल्याच खिशातून वसूल होतो. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के, तर रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांवर वय कितीही असो 50 टक्के घसारा कापला जातो. आलिशान गाडीचे बंपर आणि हेडलाइटचे आवरण प्लास्टिकचेच असते. ‘शून्य घसारा’ हे जोडसंरक्षण, म्हणजे जादा हप्ता भरून ही कपात टाळण्याची सोय, इतक्या जुन्या गाडीला बहुधा मिळत नाही. गाडीचे मूल्य पंधरा लाख झाले, तरी तिचे सुटे भाग साठ लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात, हे विकत घेणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. शिवाय दुरुस्तीचा खर्च विमा घोषित मूल्याच्या (आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘पूर्ण नुकसान’, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची, ठरते. पंधरा लाखांच्या आयडीव्हीला ही मर्यादा सव्वाअकरा लाखांची आहे, आणि दोन एअरबॅग, हेडलाइट, रेडिएटर व बॉनेट एकदम गेले तर ती ओलांडायला वेळ लागत नाही. जी धडक नव्या गाडीने पचवली असती, तीच जुन्या गाडीचा शेवट ठरते.

अशा ‘पूर्ण नुकसान’ गाड्यांचे पुढे काय होते, हा माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि परिसरातल्या वस्त्यांमधल्या कित्येक गाड्या पाण्यात बुडाल्या. बुडालेली गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते, कुठेतरी धुऊन-पुसून उभी केली जाते आणि तिच्या आसनाखालच्या वायरिंगमध्ये शिरलेला गंज पुढच्या मालकाला वर्षभराने कळतो. नोंदणीच्या कागदावर याचा मागमूस नसतो. माझ्या शेजारच्या एका तरुणाने मागील वर्षी घेतलेल्या सेदानचा मीटर 48 हजार किलोमीटर दाखवत होता. सर्व्हिस सेंटरमधील जुन्या नोंदीत ती 91 हजारांवर पोहोचलेली होती. सौदा तोपर्यंत झाला होता, आणि त्याचे आयुष्यभराचे साठवलेले पैसे त्यात अडकले होते.

जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद 2023 पासून लागू आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तिच्या जोडीला प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी मीटरवरील आकडा आरटीओने नोंदवावा आणि विमा कंपनीने पूर्ण नुकसान मान्य केलेल्या प्रत्येक गाडीची खूण ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदणी क्रमांकासमोर कोणालाही दिसावी, अशी माझी परिवहन विभागाला आग्रहाची विनंती आहे. तोवर खरेदीदाराने विक्रेत्याकडे आधीच्या सर्व वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात आणि त्या मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आपला,
एक निवृत्त मोटार विमा सर्वेक्षक,
धरमपेठ, नागपूर