हूकर यांचे वर्गीकरण

महोदय,

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांचे नाव बहुधा ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझाडाच्या संदर्भातच घेतले जाते, हे अपुरे वाटते. सिक्कीमच्या डोंगरदऱ्यांत हिंडताना त्यांनी या झुडपांच्या अनेक नव्या जातींना नावे दिली खरी. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथॅम यांच्यासह १८६२ ते १८८३ या काळात त्यांनी बीजधारी वनस्पतींच्या प्रजातींची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांची) जी मांडणी केली, ती मुख्यतः सुकवलेले नमुने प्रत्यक्ष तपासून केलेली असल्यामुळे भारतातील अनेक वनस्पतिसंग्रहालये तिच्याच क्रमाने लावली गेली. अनावृतबीजी (पाइनसारख्या, उघड्या बियांच्या) वनस्पती द्विदल आणि एकदल या सपुष्प वनस्पतींच्या दोन गटांच्या मधोमध ठेवणे हा तिच्यातील ढोबळ दोष मात्र नाकारता येत नाही.

आपला,
एक वाचक