दिवे मालवायचं नंतर बघू, आधी मोजा तरी

संपादक महोदय,
नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत वीजबचतीचं जे पान आलं होतं ते आमच्याकडे मोठ्याने वाचलं गेलं, कारण ह्यांना पेपर मनातल्या मनात वाचता येतच नाही. खोलीतून निघताना दिवा बंद करा, मोबाईलचा चार्जर काढून ठेवा, वगैरे वगैरे. चूक काही नाही त्यात पण मला राहवेना म्हणून लिहितेय. हे सगळे सल्ले साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जमान्यातले आहेत हो. २०१५ ला ती स्वस्त एलईडी बल्बची उजाला योजना आली तेव्हापासून एकेक करत आम्ही सगळीकडे ९ वॅटचे एलईडी लावले, आता अख्ख्या घरातले दिवे एकदम लावले तरी ८० वॅट होत नाहीत, म्हणजे जुना दीड बल्ब पण नाही. आणि चार्जरचं म्हणाल तर फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला अर्ध्या युनिटच्या आसपास जातं, ज्यावरून मी सुनेला दोन वर्षं टोकत होते (तिला सॉरी म्हणून झालंय).

आता हे मला कसं कळलं ते सांगते.

आमच्या मध्यप्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे, महाराष्ट्रातल्या वाचकांना माहीत नसेल. महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलात तर पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये आणि वरचे पन्नास नेहमीच्या दराने. पण १५० च्या वर गेलात की त्या महिन्याची सवलत अख्खी गेली, नुसती वरच्या दोन-चार युनिटची नाही. म्हणजे दिवसाला ५ युनिटची लक्ष्मणरेषा. आमचं घर इंदूरच्या लोकमान्य नगरात, जुनं, माणसं पाच, एसी एकच आणि तो फक्त मे महिन्यातला पाहुणा. तरी थंडीत सुद्धा, म्हणजे पंखे नाहीत कूलर नाही अशा महिन्यात, बिल १८० ते १९० युनिटचं यायचं आणि आलं की घरात कोर्ट भरायचं. ह्यांचा संशय फ्रिजवर, मुलाचा आईंच्या (माझ्या सासूबाईंच्या) टीव्हीवर, आईंचा मिक्सरवर कारण तो केवढ्यांदा ओरडतो! माझा कोणावर ते वर सांगितलंच.

शेवटी गेल्या दिवाळीत मुलाने एनर्जी मॉनिटर आणला. मेन बोर्डात फेजच्या, म्हणजे जिवंत, वायरभोवती चिमट्यासारखी एक कडी बसते, वायर कापावी लागत नाही, तारेतून करंट जाताना भोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं त्यावरून ती कडी करंट ओळखते, दुसरी बारीक जोडणी व्होल्टेज बघते आणि दोन्हींचा हिशेब होऊन त्या क्षणाला घर किती वॅट खातंय ते फोनवर दिसतं. ही व्होल्टेजची जोडणी नसलेले स्वस्तातले पण मिळतात, ते आपले २३० व्होल्ट धरून चालतात आणि मोटर, फ्रिज अशा वस्तूंचा आकडा फुगवून दाखवतात, तर घेताना ते बघून घ्या. आणि बोर्ड स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका, मेन स्विच पाडला तरी मीटरकडून आलेली तार जिवंतच असते. आम्ही कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने उत्साहात फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी) दोन्ही वायरी एकाच कडीत घातल्या आणि फोनवर आला शून्य. "भिया, आपका घर तो फोकट में चल रिया है," म्हणाला! जाणारा करंट नि येणारा करंट एकमेकांना खोडून काढतात म्हणून तसं होतं, हे मुलाने नंतर सांगितलं. मग एकच वायर ठेवली आणि आकडा हलायला लागला.

पहिले दोन दिवस नुसता खेळ झाला. गीझर लावला की २००० ने उडी, इस्त्री लावली की १०००, मिक्सरला ६००-७०० पण तो चालतो पाच मिनिटं, त्यामुळे महिन्याचे जेमतेम दोन युनिट, आई तोंडघशी. पण खरी गंमत रात्रीची. साडेअकराला सगळं बंद, सगळे आडवे, फ्रिजचा कॉम्प्रेसर पण थांबलेला, आणि फोनवर ९५ वॅट. स्थिर. आता हे ९५ कोण खातंय? हे टॉर्च घेऊन बोर्डापाशी उभे, मी फोन घेऊन आतून आकडा ओरडतेय, ते एकेक एमसीबी (बोर्डातला खटका) पाडताहेत, आई देवघरातून विचारताहेत की अरे चोर आलाय का. मी म्हटलं हो आलाय, शोधतोय त्यालाच.

राऊटरचे ८ निघाले. सेट टॉप बॉक्सचे १२, आणि हे लक्षात घ्या की रिमोटने बंद केलेला होता तो, लाल दिवा तेवढा लागतो बाकी आत सगळं जवळजवळ तसंच चालू असतं. पाण्याचा फिल्टर, बेल, असले किरकोळ मिळून दहा-बारा. आणि जिन्याखालचा इन्व्हर्टर, बासष्ट वॅट!

हा इन्व्हर्टर म्हणजे आमच्याकडचा जुना कुळाचार. २००० सालानंतर इंदूरला जे काही लोडशेडिंग असायचं ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे, तेव्हा मुलांच्या परीक्षांसाठी घेतला होता. बॅटरी मधे बदलली, मग त्यालाही बरीच वर्षं झाली. आता लाईट जाते ती महिन्यातून एखाद वेळ पंधरा मिनिटं, पण इन्व्हर्टर आपला चालू, कोणाच्या ध्यानीमनी पण नाही. बॅटरीतला एखादा सेल मेला की ती कधी पूर्ण भरतच नाही, चार्जर बिचारा रात्रंदिवस भरत बसतो आणि ती सगळी वीज गरमीत आणि बॅटरीतल्या पाण्याचा वायू करण्यात जाते. हे दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि म्हणायचे उन्हाळा फार आहे. डिसेंबरात पण! ६२ वॅट ऐकायला काहीच नाही, पण चोवीस तासांचे दीड युनिट आणि महिन्याचे पंचेचाळीस. म्हणजे आमच्या ५ युनिटच्या रेषेतला जवळजवळ एकतृतीयांश हिस्सा त्या मेलेल्या बॅटरीच्या तेराव्याला चालला होता. विकली, शिशाचे बरे पैसे आले, आणि पुढचं बिल आलं १३९ युनिट.

मग जरा चटक लागली. आईंच्या खोलीतला जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाचे पंधरा तास चालणारा, तिथे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) लावला तो फुल स्पीडला पण ३० च्या आसपास घेतो, म्हणजे उन्हाळ्यात त्या एका पंख्याचे महिन्याला वीस युनिट वाचतात. पण पाहुण्यांच्या खोलीतला मुद्दाम नाही बदलला, तो वर्षातून वीस दिवस फिरतो, त्याचे पैसे कधी वसूल व्हायचे? दुकानदार अर्थात म्हणाला सगळे बदला. इथे स्मार्ट मीटरवाल्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या विजेवर २० टक्के सूट मिळते म्हणून वॉशिंग मशीन आणि टाकीची मोटर दिवसा लावतो. एप्रिल-मे मधे मात्र १५० च्या आत नाही बसत आम्ही, कूलर चालवावाच लागतो, ते उगाच खोटं कशाला सांगू.

अजून एक. स्मार्ट मीटर पळतं ही ओरड सगळीकडे आहे, २०२४ च्या मे मधे बडोद्याला तर लोक रस्त्यावर आले होते, माझी नणंद तिथेच असते. म्हणून आम्ही आठवडाभर सकाळी सातला मीटर आणि मॉनिटर दोन्ही लिहून ठेवले. सात दिवसांत फरक अर्ध्या युनिटचा पण नाही. आमचं मीटर पळत नव्हतं, आम्हीच पळवत होतो. दुसऱ्या कोणाचं पळत असेलही, पण तक्रार करायला जाताना हातात अशी वही असली तर समोरचा जरा सरळ बोलतो.

आता माझं खरं म्हणणं. स्मार्ट मीटर दारात लागलेलं आहे, दर अर्ध्या तासाचा हिशेब त्याच्या पोटात आहे, केंद्राच्या २०२१ च्या योजनेत देशभर असे २५ कोटी मीटर लावायचे ठरले, मग या क्षणी किती वॅट चाललेत हे घरच्या बाईला स्वयंपाकघरात का दिसू नये? ॲपवर कालचं दिसून काय उपयोग, काल कुकर होता का गीझर ते कोणाला आठवतंय. ब्रिटनमधे स्मार्ट मीटर बसवताना घरात ठेवायचा छोटा स्क्रीन फुकट द्यावा लागतो कंपन्यांना. आपल्याकडे तो आम्ही आपल्या पैशाने आणायचा. आपल्या इंदूर महापालिकेचं बघा ना, नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने चढवत आणायचं त्याचं बिल सगळ्यात मोठं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर २०२३ ला ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून तिथल्या सोलरसाठी २४४ कोटी उभे केले. त्यांना आपला मोठा खाणारा दिसतो, तसा मला माझा दिसू द्या, एवढंच मागतेय.

तोवर ज्यांना खर्च करायचा नाही त्यांनी मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघावा. बाजूला ३२०० इम्प असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे ३२०० लुकलुक झाली की एक युनिट. दोन लुकलुकींमधे दहा सेकंद गेले तर घर ११२ वॅट खातंय, पाच गेले तर २२५. काही मीटरवर १६०० असतं, तिथे दुप्पट धरा. रात्री सगळं बंद करून मोजा फक्त.

आणि प्लगमधे लावायचा मोजणारा सॉकेट मिळतो, १६ अँपियरचा घ्या म्हणजे गीझर पण तपासता येतो, मला हजाराच्या आसपास पडला. तो घरात कायमचा ठेवून काही होत नाही, महिन्याभरात सगळं कळून चुकतं आणि मग कोणी बघत नाही (ह्यांचं सोडा, हे अजून जेवताना आकडा बघतात). म्हणून मी आमचा गल्लीत फिरवायला काढलाय. शेजारच्या वहिनींकडे फ्रिजच्या दाराचं रबर गेलेलं सापडलं, कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. समोरच्या काकांकडे काहीच सापडलं नाही, ते जरा नाराज आहेत. आपल्या इंदुरात इतकी मराठी मंडळं आहेत, गणपतीच्या वर्गणीतून असे दोन-चार सॉकेट घेऊन पुस्तकांसारखे आठ दिवसांना द्यायला काय हरकत आहे?

सध्या तो तिसऱ्या घरी आहे, मंगळवारी परत येईल. आईंचा टीव्ही तपासायचा राहिलाय, पण त्या म्हणतात माझ्या मालिकेच्या वेळात प्लग काढायचा नाही.

आपली,
एक नेहमीची वाचक
लोकमान्य नगर, इंदूर