परत आलेल्यांचीही नोंद हवी

महोदय,

सप्टेंबर २०३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होऊन शंभर वर्षे होतील. आत्तापासून हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या युद्धातले जवान आता जवळजवळ राहिलेले नाहीत, त्यांच्या बायका नव्वदीपुढच्या आहेत आणि मुले सत्तरीत. लढून परतलेल्या जवानांची गाववार यादी करायची, तर विचारायचे ते आत्ताच विचारून घ्यायला हवे.

आमच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. २०२३ मध्ये इटलीतल्या माँटोने गावाने तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांसह त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. परक्या मुलखातल्या लोकांनी ही आठवण ठेवली, याचे मला फार अप्रूप वाटते.

पण घाडगे ज्यांत होते त्याच मराठा पलटणींतून लढून जिवंत परतले त्यांचे काय? मृतांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे सापडतात. परतलेल्यांची गाववार यादी मला कुठेही मिळाली नाही. माझे आजोबा त्यांतलेच. घरातल्या पत्र्याच्या पेटीत इटलीतल्या लढाईसाठी मिळालेला त्यांचा ‘इटली स्टार’ हा पदकतारा आहे. सहा टोकांचा, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचा, मागे बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेले. डिस्चार्जचा कागद मात्र घडीवर फाटला आणि तारीख नेमकी तिथेच गेली. अशा पेट्या घरोघरी असतील. जुने घर पाडताना त्या भंगारात जातात.

यादीचे हे काम एकट्या ग्रामपंचायतीला झेपणारे नाही. माजी सैनिक संघटनांना पलटणीचे कागद वाचता येतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे महायुद्धातील सैनिकांच्या आणि विधवांच्या मानधनाची नोंद असते, तिथून सुरुवात होईल. कोकणातले निम्मे गाव मुंबईत, त्यामुळे तिथल्या ग्रामस्थ मंडळांशिवाय यादी पुरी होणार नाही. आणि बचत गटातल्या बायकांना यात घ्याच. मनीऑर्डर यायची थांबली तेव्हा घर कसे चालले, तार आली ती कोणी वाचून दाखवली, या गोष्टी आज्या त्यांच्यापाशीच मोकळेपणाने बोलतील.

पहिल्या महायुद्धातल्या पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी वारसा संस्थेने ग्रीनिच विद्यापीठाला बरोबर घेऊन २०२१ पासून त्या लोकांसाठी खुल्या करायला घेतल्या. आपल्याकडच्या संस्थांनी एकत्र यायचे मनावर घेतले तर हेही होईल.

इंग्रजांच्या फौजेतल्यांचा कसला गौरव, असे काहीजण विचारतात. गावातून पोटासाठी भरती झालेले होते, तसे सिंगापूर पडल्यावर कैदेतून आझाद हिंद सेनेत गेलेलेही होते. दोघांचीही नावे एकाच यादीत असावीत. १९४१ मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये गेलेल्यांचीही त्यातच. जातवार याद्या मुळीच नकोत.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने हा विषय घ्यावा आणि त्या बैठकीला या सगळ्या मंडळांना बोलवावे, अशी कळकळीची विनंती आहे. आजोबांचे कागद आणि पदक नोंदीसाठी दाखवायला मी तयार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, माणगाव तालुका (जि. रायगड)