न आलेल्या दाताविषयी मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. चिरंजीव तीन वर्षांचा झाला तरी वरच्या मधल्या दोन दातांच्या उजवीकडची जागा रिकामीच आहे आणि डावीकडे आलेला दातही बारीक व टोकदार आहे, हे वाचून उत्तर लांबणीवर टाकावेसे वाटले नाही. तू विचारलेल्या पाच प्रश्नांपैकी तीन प्रश्न फिरून फिरून ‘आमचे काय चुकले’ याच ठिकाणी येतात, म्हणून आधी त्यांचे उत्तर देतो. तुमचे काहीही चुकलेले नाही. दुधाच्या दातांची घडण गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे अनेकदा आईला दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते तेव्हा, सुरू होते. जो दात मुळात घडलाच नाही, त्याचा अंकुर बहुधा जनुकांमधल्या एखाद्या बदलामुळे धरलेला नसतो, आणि हा बदल बरेचदा घराण्यातून आलेला असतो. वहिनींनी कॅल्शियमच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या किंवा बाळाला तापाचे औषध दिले होते, याचा त्या रिकाम्या जागेशी संबंध नाही. हे त्यांना तू स्वतः वाचून दाखव.

माझ्या मुलीचे तुला ठाऊक आहे, पण ते सगळे मी तुला नीट कधी सांगितले नाही. ती अडीच वर्षांची असताना एका रात्री तिचे डोके मांडीवर घेऊन मी दात घासत होतो. खालचा ओठ बोटाने खाली ओढला, तेव्हा उजवीकडचा एक दात शेजाऱ्यांपेक्षा चांगलाच रुंद दिसला. त्याच्या मधोमध वरून खाली एक बारीक रेषा गेली होती आणि कडेला, जिथे ती रेषा संपत होती तिथे, नखाला लागेल एवढी खाच होती. दोनदा मोजले, दोन्ही वेळा खाली नऊच दात भरले. ज्या डॉक्टरांकडे आम्ही प्रथम गेलो, त्यांनी तोंडात क्षणभर डोकावून ‘दुधाचेच दात आहेत, पडतील’ एवढे सांगितले आणि आम्हीही निश्चिंत होऊन घरी आलो. वर्षभराने त्याच रेषेत कीड शिरली. दुसऱ्या दंतवैद्य बाईंनी सर्वांत आधी एक एक दात बोट लावून मोजला आणि मग समजावले, की पटाशीचा दात आणि शेजारचा सुळा हिरडीच्या आत असतानाच एकमेकांना जुळले आहेत, म्हणून संख्येत एक कमी भरतो. दात रुंद असून संख्या मात्र पुरी भरली असती, तर एकाच अंकुराने दुभंगण्याचा प्रयत्न केला असे बहुधा समजले असते. अशा दातावरची रेषा ब्रशने साफ होत नाही, ती वेळीच भरून बंद करावी लागते. त्या वाया गेलेल्या वर्षाची खंत मला अजूनही आहे.

म्हणूनच तुला कळकळीने सांगतो, मोज. तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात वर दहा आणि खाली दहा असे वीस दात असायला हवेत. रिकाम्या जागेची कारणे निरनिराळी असतात. काही मुलांचे दात नुसते उशिरा येतात, काहींच्या दाताची वाट एखाद्या जादा दाताने अडवलेली असते, आणि कधी पडल्यामुळे आलेला दात हिरडीत वर दाबला जाऊन दिसेनासा होतो, घरच्यांना मात्र तो तुटून पडला असे वाटते. यांतले नेमके काय झाले आहे, हे बाहेरून कुणालाच सांगता येणार नाही. एक छोटा एक्स-रे ते सांगतो.

दुधाचा दात मुळातच नसेल, तर त्याच्या जागी येणारा कायमचा दातही बहुतेक वेळा नसतो, आणि ‘पडतील’ म्हणून सोडून देण्यात खरी चूक होते ती इथेच. आमच्याकडेही सातव्या वर्षी काढलेल्या मोठ्या एक्स-रेमध्ये त्या जोडदाताखाली दोनऐवजी एकच अंकुर दिसला. जोडदाताचे मूळ मोठे असल्यामुळे ते वेळेवर विरघळत नव्हते, म्हणून तो दात काढावा लागला, आणि ते आधीपासून माहीत असल्यामुळे नवा दात वाकडा होण्यापूर्वीच काढता आला. मागच्या दाढांविषयी मात्र घाईने निष्कर्ष काढू नकोस. दुसऱ्या उपदाढेचा अंकुर कधी कधी इतका उशिरा दिसू लागतो, की लहान वयातल्या एक्स-रेवरून ती नाहीच असे ठरवणे चुकीचे ठरू शकते.

टोकदार दाताबद्दल एक गोष्ट नाजूक आहे, तरी लिहितो. त्याचे केस फार विरळ आहेत का, त्याला घाम अगदी कमी येतो का, उन्हात खेळून आल्यावर अंग तापते का, हे शांतपणे पाहा. दातांबरोबर यांतलेही काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य सांग, कारण दात, केस आणि घामाच्या ग्रंथी गर्भात एकाच बाह्य स्तरापासून बनतात आणि त्या स्तराच्या जन्मजात विकारात अशी लक्षणे एकत्र दिसतात. घाम न येणाऱ्या मुलाला उष्णतेपासून जपावे लागते, म्हणून ते लवकर कळलेले बरे. तुझ्या पत्रात अशा कशाचाही उल्लेख नाही. एखादा दात नसणे किंवा टोकदार असणे हे अगदी धडधाकट मुलांमध्येही आढळते.

कृत्रिम दात कायमचा आताच बसवता येईल का, असे तू विचारले आहेस. हाडात रोवलेला दात जबड्याबरोबर वाढत नाही, तो जागच्या जागी राहतो आणि शेजारचे दात पुढे सरकत जातात. त्यामुळे एकदोन दातांसाठी वाढ पुरी होईपर्यंत थांबतात. तोवर कायमचा सुळा पुढे आणून जागा भरायची की जागा राखायची, हे दात सरळ करणारे तज्ज्ञ साधारण सातव्या-आठव्या वर्षापासून पाहू लागतात. आज त्याला खाता येते, बोलता येते, तेव्हा घाईचे काही नाही. त्याच्यासमोर त्या जागेविषयी हळहळ तेवढी करू नका. माझी मुलगी चार वर्षांची असताना पाहुण्यांपुढे तोंडावर हात ठेवून हसू लागली होती, आणि ते ती आमच्याच चेहऱ्यांवरून शिकली होती.

दंतवैद्यांकडे जाताना तुझ्या आईला आणि वहिनींच्या वडिलांना आठवणीने विचारून जा, की घरात कुणाचा पुढचा दात आलाच नव्हता किंवा बारीक होता का. आम्हाला ही चौकशी फार उशिरा सुचली, आणि माझ्या थोरल्या आत्याचा दात कधी पडलाच नव्हता, मुळात आलाच नव्हता, हे तेव्हा समजले. तपासणी झाली की वर किती आणि खाली किती भरले, ते आकड्यांत कळव. मी वाट पाहत आहे.

तुझा,
अविनाश