वाकळीचे त्रिकोण आणि सात सूत

मा. संपादक,

सीमाभागातल्या शिवणवर्गांत वाकळ (तुकडे जोडून शिवलेली गोधडी) शिकवताना एवढे गणित फळ्यावर मांडावे. दोन्ही बाजूंना पाव इंच शिलाई, म्हणून शिवून ४ इंच हवा तो चौकोन साडेचारचा कापायचा. तोच चौकोन दोन त्रिकोण जोडून करायचा तर हा हिशेब चालत नाही. तिरकी शिलाई कोपऱ्यात जास्त कापड खाते. चौकोन ४ इंच ७ सुतांचा घ्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि कर्णावर दोन करा. साडेचारचाच चिरला तर त्रिकोण तोकडे पडून टोके शिलाईत जातात. शिलाई अर्धा सूत जाड गेली तरी तुकडा सूतभर आखडतो. १६ तुकड्यांच्या ओळीत २ इंच गेलेच! जुने इरकली लुगडे असेल तर तिरकी कड ओढू नका, ती हमखास ताणते.

— एक वाचक, खानापूर