रॉड मार्श यांचे राहून गेलेले आभार

मार्शसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्ही ऑस्ट्रेलियाचे यष्टिरक्षक. ४ मार्च २०२२ला तुम्ही गेलात आणि काही तासांतच फिरकीचा बादशहा शेन वॉर्न गेल्याची बातमी आली. मग तुम्हाला कोण विचारतो! यष्टींमागे उभं राहणाऱ्यांकडून तुमचे आभार राहूनच गेले, ते आज मानतो.

९६ कसोटी, यष्टींमागे ३५५ बळी हे सगळ्यांना पाठ. तुमचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली, त्याचेही नेमके ३५५, त्यातले ९५ झेल तुमच्या हातात. पण आभार आहेत ते तुम्ही नाकारलेल्या एका झेलाचे.

मार्च १९७७, मेलबर्नची शताब्दी कसोटी, पहिल्या कसोटीला शंभर वर्षं झाली म्हणून खेळलेली. इंग्लंडपुढे ४६३चं लक्ष्य आणि डेरेक रँडल १६१वर. ग्रेग चॅपेलच्या चेंडूवर तुम्ही पुढे झेपावलात, पंच टॉम ब्रूक्सनी रँडलला बाद दिलं. तुम्हीच खूण केलीत, टप्पा पडलाय. रँडल परत आला, १७४पर्यंत गेला. ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली, पण ते त्या क्षणी कुणाला ठाऊक होतं?

असा झेल घेताना ग्लोव्हजची बोटं जमिनीला टेकलेली असतात. थेट आलेला चेंडू तळव्यात बसतो. अर्धा टप्पा पडून आलेला बोटांच्या टोकांवर उसळतो. किपरला हे लगेच कळतं. बावीस यार्डांवरच्या पंचाला मध्ये उभा फलंदाज आणि खाली वाकलेली पाठ, एवढंच दिसतं. टीव्हीवर बघून निकाल देणारा तिसरा पंचही तेव्हा नव्हता. तरी 'मला कळलंच नाही' म्हणणारे किपर पुढेही कमी झाले नाहीत. नावं कशाला घ्यायची?

त्याच मैदानावर १ फेब्रुवारी १९८१ला न्यूझीलंडला षटकार मारता येऊ नये म्हणून चॅपेलने धाकट्या भावाला शेवटचा चेंडू सरपटी टाकायला लावला, तेव्हाही मान नकारार्थी हलली ती तुमची. (त्याच वर्षी हेडिंग्लेच्या कसोटीत ५००ला १ या दराने समोरच्या इंग्लंडवर पैसे लावलेत, तेही लक्षात आहे. संत कुणी म्हणत नाही.)

१९७०ला ब्रिस्बेनच्या पदार्पणात झेल सुटले तर तुमचे हात लोखंडी ठरवून मोकळे झालेले शहाणे पुढे गप्प बसले. तुम्ही मात्र १९९०पासून अ‍ॅडलेडच्या क्रिकेट अकादमीत पोरं घडवलीत. पाँटिंग, लँगर, गिलख्रिस्ट तिथलेच. मग इंग्लंडनेही आपल्या अकादमीसाठी तुम्हालाच बोलावलं, आणि तुम्ही गेलात!

ऑस्ट्रेलियाच्या निवड समितीचं अध्यक्षपद मिळालं २०१४ला. नोव्हेंबर २०१६मध्ये होबार्टला दक्षिण आफ्रिकेने डावाने हरवलं, आणि मुदत शिल्लक असताना खुर्ची सोडलीत. त्याबद्दलही आभार.