तुम्ही स्वतः न पाहिलेला रस्ता आम्हाला विकलात

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तक्रार विभाग

दिनांक : २७ जानेवारी २०२६

विषय : रविवार, १८ जानेवारी २०२६ रोजीची तानसा खोऱ्यातील सायकल राइड. चुकीचा मार्ग, अपुरी मदत आणि सदोष माहितीपुस्तिका याबाबत तक्रार.

महोदय,

ठाण्याहून निघून घोडबंदर, शिरसाड, वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आणि परत येताना अंबाडी-भिवंडी, अशी एका दिवसाची राइड तुम्ही आखली होती. मी आणि माझी नणंद, दोघींनी माणशी २,८०० रुपये भरून नाव नोंदवलं. राइड होऊन नऊ दिवस झाले. या दिवसांत मी तुमच्या कार्यालयात दोनदा फोन केला. पहिल्यांदा 'कळवतो' म्हणाले आणि कुणीही कळवलं नाही. दुसऱ्यांदा तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "मॅडम, ॲडव्हेंचर म्हटलं की एवढं तेवढं चालायचंच." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी ॲडव्हेंचरसाठी पैसे भरले नव्हते. तुमच्या जाहिरातीत 'संपूर्ण डांबरी रस्ता, रोडबाइकसाठी योग्य' असं स्पष्ट छापलं होतं. नोंदणीच्या अर्जात तुम्ही टायरची रुंदी विचारलीत, मी २५ मिलिमीटर लिहिली. म्हणजे आम्ही कोणत्या चाकांवर येणार आहोत हे तुम्हाला पंधरा दिवस आधी माहीत होतं. अंगठ्याएवढ्या रुंदीच्या त्या टायरमध्ये नव्वद पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. डांबरावर तो पळतो, मोकळ्या खडीवर मात्र पुढचं चाक कधी घसरेल याचा भरवसा नसतो. सायकलच्या धंद्यात असलेल्या माणसाला हे मी सांगायला हवं का?

हे खोरं मला परकं नाही, तेही इथेच सांगते. माझं आजोळ वज्रेश्वरीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. चैत्र अमावास्येच्या जत्रेला आजी आम्हाला हाताला धरून न्यायची, आणि अकलोलीच्या कुंडांत पाय सोडून बसलं की पोळतंय म्हणून आम्ही ओरडायचो. चाळीस वर्षांनी त्याच रस्त्यावर स्वतःच्या सायकलवर जायचं, ही माझी फार दिवसांची इच्छा. पंचेचाळिशी उलटल्यावर मी सायकल शिकले, तेव्हापासून ती मनात होती. एकटीने जायचं धाडस होईना, म्हणून तुमच्याकडे आले. जी गोष्ट आपल्याला जमणार नाही ती माहितगाराच्या हाती सोपवावी, एवढाच त्यामागचा विश्वास होता.

आता त्या दिवसाचं सांगते. पहाटे पाचला तीन हात नाक्यावरून आम्ही एकवीस जण निघालो. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिलं ठिकाण घोडबंदर किल्ला, वेळ सहा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सहा वाजता तिथे मिट्ट काळोख होता. पोर्तुगीजांच्या ताब्यातला, १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला तो किल्ला. खाडी आणि येणारी-जाणारी गलबतं त्याच्या नजरेखाली असायची. त्यातलं आम्हाला काय दिसलं? सायकलच्या दिव्याच्या उजेडात पाच-सहा फूट भिंत. निघायची वेळ तासभर पुढे ढकलली असती किंवा किल्ला परतीच्या वाटेवर घेतला असता तर हे टळलं असतं. पत्रिका लिहिणाऱ्याने सूर्योदयाची वेळसुद्धा पाहिली नव्हती.

शिरसाड फाट्यावरून आत वळल्यावरचा तास मात्र सुंदर होता आणि तो सांगितला नाही तर ही तक्रार अप्रामाणिक होईल. उजव्या हाताला तुंगारेश्वरचा डोंगर, समोरून येणारं ऊन, कापणी झालेल्या भाताच्या खाचरांत धुकं आणि कडेला पेंढ्याच्या उडव्या. रस्ता अधूनमधून उखडलेला होता, पण सांभाळून नेता येत होता. नणंद म्हणाली, "वहिनी, हे एवढ्यासाठी तरी आलो ते बरं झालं." त्या तासात तुमच्याबद्दल माझं मत चांगलंच होतं.

वज्रेश्वरीला 'इतिहास अभ्यासकासह पाऊण तास' असं तुम्ही लिहिलं होतं. अभ्यासक आले नाहीत. का आले नाहीत हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. वीस मिनिटांत आटपा असं सांगून तुमच्या सहायकाने सगळ्यांच्या हातात एक पुस्तिका दिली. तिच्यात देवळाचा उल्लेख 'शिवकालीन किल्ला, ज्यात नंतर मंदिर बांधण्यात आले' असा आहे. हे साफ चूक आहे. देऊळ किल्ल्यासारखं दिसतं, भोवती दगडी तट आहे, दारावर नगारखाना आहे, हे खरं. पण ते मुळात देऊळ म्हणूनच बांधलं गेलं, आणि तेही शिवाजी महाराजांनंतर कितीतरी वर्षांनी. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडण्यासाठी हे देऊळ उभं राहिलं, ही हकिगत त्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्याबरोबर कॉलेजातली चार मुलं होती. त्यांनी पुस्तिकेचे फोटो काढून लगेच पुढे पाठवले. चुकीचा इतिहास असाच पसरतो आणि मग तो पुसायला कुणी जात नाही. बावन्न दगडी पायऱ्या चढताना मीच त्या मुलांना खरी गोष्ट सांगितली आणि पायरीवर कोरलेलं कासव दाखवलं. ते काम ज्यांचं होतं, त्यांचे पैसे आम्ही भरले होते.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तानसा धरणाची दगडी भिंत आहे. १८९२ सालापासून मुंबईला पाणी पाजणारं हे धरण बऱ्याच वर, शहापूर तालुक्यात आहे. तुमच्या मार्गावर ते कुठेच लागत नाही. जिथे नेणार नाही त्या जागेचं चित्र दाखवून पैसे घेणं याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात.

हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं. पुढे जे झालं ते जिवावर बेतलं असतं.

गणेशपुरीत नित्यानंद स्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन आम्ही अंबाडीकडे निघालो. गावातून अंबाडीला सरळ रस्ता आहे, आजोळची माणसं त्याच रस्त्याने बाजाराला जायची. पण तुम्ही मोबाइलवर पाठवलेल्या मार्गाच्या फाइलने आम्हाला मध्येच शेतातल्या एका वाटेवर वळवलं. दोनेकशे मीटरवर डांबर संपलं. पुढे मुरूम, मग हाताच्या मुठीएवढी खडी, आणि वीटभट्ट्यांच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या कोपरभर खोल चाकोऱ्या. सगळ्यांत पुढे तुमचा सहायक होता, तोही त्याच वाटेने गेला, म्हणून आम्हीही गेलो. थांबल्यावर त्याला विचारलं तेव्हा तो पोरगा खरं बोलला : "काकू, मी पण आज पहिल्यांदाच येतोय." त्याच्यावर माझा राग नाही. वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलाला न पाहिलेल्या रस्त्यावर एकवीस माणसांचा पुढारी करून पाठवणाऱ्यांवर आहे. कुणीतरी कार्यालयात बसून नकाशावर बोट ठेवलं, कमी अंतराची रेघ दिसली, तीच 'मार्ग' म्हणून विकली. त्या रेघेवरून एकदाही कुणी सायकल नेली नाही.

तिथे माझा मागचा टायर फाटला. धारदार खडीने बाजूची भिंत बोटाच्या पेराएवढी चिरली आणि चिरेतून ट्यूबचा फुगा बाहेर आला. नुसती ट्यूब बदलून भागणार नव्हतं. मी चिवड्याच्या पाकिटाची चौपदरी घडी करून टायरच्या आतून लावली, नवी ट्यूब घातली आणि हवा भरायला तुमच्या सपोर्ट व्हॅनची वाट पाहत बसले. व्हॅन चाळीस मिनिटांनी आली. तिच्यात होता मोटरसायकलला हवा भरायचा पायपंप. रोडबाइकचा व्हॉल्व्ह बारीक असतो, त्याला वेगळं तोंड लागतं. शंभरेक रुपयांना मिळणारा पितळी अडॅप्टर तुमच्या व्हॅनमध्ये नव्हता. जाहिरातीत 'संपूर्ण तांत्रिक मदत' असे शब्द होते. शेवटी माझ्या खिशातल्या छोट्या पंपाने नणंदेने आणि मी आळीपाळीने हवा भरली. चाळीस पीएसआय जेमतेम भरली असेल.

आमच्या मागे पाच मिनिटांत कॉलेजातला एक मुलगा मोरीपाशी पुढचं चाक घसरून पडला. दोन्ही तळहात सोलवटले, खडीचे बारीक कण कातडीत रुतले होते. व्हॅनमधल्या प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्या होत्या, पण जखम धुवायला काहीच नव्हतं. पाणी तर केव्हाच संपलं होतं, कारण 'दर २० किलोमीटरला पाणी' हे वचन वज्रेश्वरीनंतर तुम्ही पाळलंच नाही. शेजारच्या भट्टीवरची एक बाई कळशी घेऊन धावत आली. तिने त्याचं मनगट आपल्या गुडघ्यावर टेकवलं, बारीक धार धरून तळहात धुतला आणि पदराच्या टोकाने एकेक खडा टिपून काढला. तो कळवळला की ती थांबायची, मग पुन्हा धार. पैसे घेतले नाहीत. दिवसभर विटा थापणाऱ्या त्या बाईने जे केलं, ते करायला तुम्ही आमच्याकडून माणशी २,८०० घेतले होते.

परतीचा अंबाडी-भिवंडी रस्ता भर दुपारी बारानंतर. भिवंडीची गोदामं आणि तिकडचे कंटेनर ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही नव्याने सांगायला नकोत. अर्धवट हवेच्या चाकावर, खड्डा चुकवायला डावीकडे घ्यावं तर धूळ आणि उजवीकडे घ्यावं तर ट्रक, अशा रस्त्यावर माझी नणंद माझ्या मागे राहून पूर्ण वेळ "गाडी, गाडी" ओरडत होती. घरी पोहोचल्यावर तिचा आवाज बसला होता. ती पुन्हा कुणाबरोबरही राइडला यायला तयार नाही. तिची ही भीती भरून द्यायला तुमच्याकडे काय आहे, मला माहीत नाही.

माझं म्हणणं असं. दोघींचे मिळून भरलेल्या ५,६०० रुपयांपैकी निम्मे परत करा आणि नव्या टायरचे ३,२०० रुपये द्या. पावती, फाटक्या टायरचे फोटो, तुमच्या मार्गाच्या फाइलची प्रत आणि जाहिरातीचं पान या पत्रासोबत जोडलं आहे. सगळे पैसे मी मागत नाही, कारण शिरसाड ते गणेशपुरी हा भाग आम्हाला मिळाला. पडलेल्या मुलाची विचारपूस तुमच्याकडून आजवर कुणी केलेली नाही, ती आधी करा. आणि फेब्रुवारीतल्या पुढच्या तुकडीची नोंदणी तुम्ही सुरू केली आहे, तीच फाइल आणि तीच पुस्तिका घेऊन. मार्ग आणि माहिती दुरुस्त होईपर्यंत ती थांबवा. पैशांपेक्षा ही मागणी मला जास्त महत्त्वाची आहे, कारण त्या खडीवर पुढचं कोण पडेल आणि तेव्हा कळशी घेऊन धावणारी बाई तिथे असेलच असं नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, हे मी विचारून घेतलं आहे. सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्ही या प्रकरणात आहेत.

मार्ग दुरुस्त करणार असाल तर एक सुचवते. ठाण्यापासून हायवेने लोकांना दमवण्यापेक्षा सायकली टेम्पोत घालून शिरसाड फाट्याला उजाडता पोहोचवा आणि तिथून गणेशपुरीपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने ऊन चढायच्या आत परत आणा. घोडबंदरचा किल्ला परतताना दिवसाउजेडी दाखवा. तुमचा मार्ग ठरवणारा माणूस २५ मिलिमीटरच्या टायरवर हा रस्ता एकदा तपासायला निघणार असेल, तर मला कळवा. नवा टायर चढवून झाला आहे. कोणत्याही रविवारी मी बरोबर येईन.

आपली विश्वासू,
नोंदणीधारक ग्राहक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)